मोबाइलचं रेडिएशन शील्ड खरंच काम करतं का, घरच्या घरी कसं तपासायचं

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिच्या फोनच्या मागे एक सोनेरी चकती चिकटवलेली होती आणि फोनला जाड फ्लिप कव्हर, ज्याच्या आतल्या बाजूला चंदेरी कापड शिवलेलं. दोन्ही मिळून साडेअकराशे रुपये, एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर घेतलेलं. स्टॉलवाल्याने तिच्यासमोर मीटर धरून दाखवलं होतं, फोन लावला की मीटरचे लाल दिवे पेटले, चकती लावली की दिवे उतरून हिरवे झाले, आता डोळ्यांनी बघितल्यावर सातव्या महिन्यातली बाई नाही कशी म्हणेल. मला तिचा राग नाही आला, तिच्या काळजीचा कोणीतरी धंदा करतंय याचं वाईट वाटलं. मग एका मित्राकडून रेडिओ लहरी मोजायचं मीटर आणलं आणि दोन रविवार घालवून सगळं मोजून बघितलं.

पहिला प्रयोग तोच केला जो स्टॉलवर केला होता, फक्त चकती काढून बाजूला ठेवली. फोन लावला, लाल दिवे. मनात दहा आकडे मोजले. दिवे हिरवे. चकती टेबलावरच पडलेली! परत केलं, परत तेच. बहीण शेजारी बसून बघत होती, म्हणाली "दादा, म्हणजे चकती लावेपर्यंत तो थांबला होता फक्त?" अगदी तेच. फोन लावताना पहिल्यांदा तो टॉवरला जोरात हाक मारतो, टॉवर म्हणतो ऐकू आलं, आता हळू बोल, आणि फोन आवाज कमी करतो. त्या मधल्या काही सेकंदांत तुम्ही चकती लावा, लिंबू ठेवा, काहीही करा, दिवे उतरणारच.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की असा प्रयोग कोणालाही करता येतो, इंजिनिअर असायची गरज नाही, पण काही खाचाखोचा माहीत नसतील तर घरचा प्रयोगसुद्धा आपल्याला तसाच फसवतो जसा तो स्टॉलवाला फसवतो.

आधी फोन कसा बोलतो ते समजून घ्या

ही गोष्ट कळली की बाकी सगळं सोपं आहे. फोन हा बल्बसारखा नाही, की लावला की ठरलेला उजेड पडतच राहिला. फोनची ताकद सतत बदलते. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून आपण आपोआप आवाज चढवतो ना, आणि ते जवळ येऊन बसले की खाली आणतो, फोनचं तसंच आहे, टॉवरला नीट ऐकू येईल एवढ्याच जोरात तो बोलतो. 4जी फोन जास्तीत जास्त साधारण 0.2 वॅटने बोलतो, आणि टॉवर जवळ असेल तर त्याच्या लाखाव्या हिश्शापेक्षाही कमी ताकदीवर काम भागवतो. जुन्या 2जीमध्ये 900 मेगाहर्ट्झवर हा आकडा क्षणभरासाठी 2 वॅटपर्यंत जायचा, पण तिथे वेळेचे आठ तुकडे पाडून त्यातल्या एकाच तुकड्यात फोन बोलतो म्हणून सरासरी पाव वॅट.

आता विचार करा, शील्ड विकणारा म्हणतो आमचं कापड 90 टक्के लहरी अडवतं. ठीक आहे, समजा खरंच अडवतं. पण टॉवरकडे जाणाऱ्या लहरीही अडवल्या तर टॉवर म्हणणार ऐकू येत नाही, मोठ्याने बोल, आणि फोन दहापट ताकद लावणार. म्हणजे हिशोब जिथल्या तिथे, वर बॅटरी गेली ती वेगळीच. आणि कापड फक्त एका बाजूला असेल तर त्या बाजूला कमी झालेलं दुसऱ्या बाजूने जास्त बाहेर पडू शकतं. म्हणून तपासताना फक्त "शील्डच्या मागे किती कमी झालं" एवढंच बघायचं नाही, शील्ड लावल्यावर फोनने काय केलं हे बघायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हेच ग्राहकांना सांगितलंय, की शील्डमुळे सिग्नलला अडथळा येऊन फोन उलट जास्त ताकद लावू शकतो. त्याच कमिशनने 2002 मध्ये असे शील्ड विकणाऱ्या दोन कंपन्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती, म्हणजे हा धंदा काही आजचा नाही.

तुमच्या हातात नक्की काय आहे ते ओळखा

बाजारात चार प्रकार दिसतात. एक म्हणजे चकती, स्टिकर, चिप, जी लहरी "न्यूट्रल" करते किंवा "हार्मनी" आणते असं सांगतात. दुसरं धातूचं कापड असलेलं फ्लिप कव्हर. तिसरं पूर्ण बंद होणारा पाऊच. चौथं गळ्यातलं पेंडंट किंवा हातातलं कडं.

यातला चौथा प्रकार तपासायच्या भानगडीत पडूच नका, काढून ठेवा. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये 5जीपासून वाचवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता, त्यात पेंडंट होती, ब्रेसलेट होतं, झोपताना डोळ्यांवर बांधायचा मास्क होता, आणि त्या वस्तू स्वतःच किरणोत्सारी निघाल्या. फोनच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत, त्या वस्तूंमधून निघणारे किरण मात्र शरीरातल्या पेशींचं नुकसान करू शकणाऱ्या जातीचे. आणि आपण वापरणार आहोत ते मीटर असले किरण दाखवतच नाही, म्हणजे "मीटरवर काही आलं नाही" म्हणून निर्धास्त होता येत नाही.

चिपच्या बाबतीत आपल्याकडचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष वल्लभभाई कथिरिया यांनी शेणापासून बनवलेली चिप दाखवली आणि ती मोबाइलचं रेडिएशन कमी करते असं सांगितलं. त्यावर देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. पुरावा म्हणजे काय, तर प्रयोग कुठे झाला, कोणी केला, कसा केला, आकडे कुठे आहेत. हे चार प्रश्न पाठ करून ठेवा, चकती सोन्याची असो नाहीतर शेणाची, प्रश्न तेच राहतात.

काय काय लागेल

ज्याचं शील्ड तपासायचं तो फोन, त्याच्यावर कॉल करायला दुसरा फोन, घरातलं अॅल्युमिनियम फॉइल, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, पुठ्ठ्याचा खोका, लाकडी किंवा प्लास्टिकचं स्टूल, खडू, सुतळी, वही. मीटर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी अर्धा प्रयोग होतो आणि चकतीचा निकाल लावायला तेवढा पुरतो.

मीटरबद्दल दोन गोष्टी. स्टोअरमधून फुकट डाउनलोड करायची जी "ईएमएफ डिटेक्टर" अॅप असतात त्यांच्या नादी लागू नका, ती फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वापरतात, त्याला लोहचुंबक कळतं, कपाटाचं लोखंड कळतं, मोबाइलच्या लहरी कळत नाहीत. आकडा मायक्रोटेस्लामध्ये (चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) येत असेल तर समजा की ते आपल्या कामाचं नाही. आणि विकतचं मीटर घेताना त्यावर मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झची रेंज लिहिली आहे का बघा, काही मीटर फक्त विजेच्या वायरींचं 50 हर्ट्झ मोजणारी असतात आणि दिसायला अगदी सारखीच असतात. आपल्याकडचे फोन 700 मेगाहर्ट्झपासून 5जीच्या 3.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत बोलतात, तेवढं मीटरच्या आवाक्यात हवं. विकत घ्यायलाच हवं असं नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉलेजात किंवा हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हौसेने रेडिओ संदेश पाठवणाऱ्यांकडे, विचारून बघा, ही मंडळी आनंदाने देतात.

पायरी 1: फोन स्वतः किती सिग्नल दाखवतो ते वाचायला शिका

कांड्या बघू नका, कांड्या प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने दाखवते. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#*#4636#*#* टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो, तिथे तर अजून नीट दिसतं. आयफोनवर *3001#12345#* डायल करा.

आकडा उणे असतो आणि नवख्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. उणे 75 हा उणे 105 पेक्षा चांगला. 4जीत साधारण उणे 80 च्या आसपास म्हणजे मस्त, उणे 100 च्या खाली गेलं की कमकुवत, उणे 120 ला कॉल तुटायला लागतो. आणि ही पट्टी साधी बेरजेची नाही, 3 चा फरक म्हणजे दुप्पट, 6 म्हणजे चौपट, 10 म्हणजे दहापट, 20 म्हणजे शंभरपट. एवढं कागदावर लिहून समोर ठेवा.

हा आकडा टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलचा आहे, फोनच्या बोलण्याचा नाही. पण फोन याच आकड्यावरून अंदाज बांधतो की टॉवर किती "लांब" आहे आणि किती जोरात बोलावं लागेल, म्हणून शील्ड लावल्यावर हा आकडा 6 ने पडला तर फोन साधारण चौपट जोर लावायच्या तयारीत आहे असं धरून चाला.

पायरी 2: खोली आणि फोन तयार करा

वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, घरातले बाकीचे फोन दुसऱ्या खोलीत किंवा एअरप्लेन मोडवर. राउटरचं बटणच बंद करा, नाहीतर मीटर राउटरचंच मोजत बसेल, माझे पहिल्या रविवारचे सकाळचे सगळे आकडे याच कारणाने फेकून द्यावे लागले. शेजारच्यांचं राउटर बंद करता येत नाही, म्हणून आपला फोन पूर्ण बंद असताना मीटर किती दाखवतं ते आधी वहीत लिहून ठेवा, तो तुमचा तळ.

स्टूल खोलीच्या मध्ये ठेवा, गोदरेजचं कपाट, फ्रिज, खिडकीची ग्रिल यांच्यापासून शक्य तेवढं लांब, धातूवरून लहरी परत फिरतात आणि आकडे नाचायला लागतात. फोन 4जीवर लॉक करा, वर सांगितलेल्या चाचणीच्या मेनूत "एलटीई ओन्ली" (एलटीई म्हणजे 4जीच) असा पर्याय असतो, प्रयोग झाला की आधीची सेटिंग परत करायला विसरू नका. 5जी फोन कधीकधी एकाच वेळी 4जी आणि 5जी दोन्हीवर बोलत असतो, तसं झालं तर काय मोजतोय तेच कळत नाही. बँड म्हणजे फोन लहरींच्या ज्या पट्ट्यात बोलतोय तो, त्याचा नंबर दिसत असेल तर तोही प्रत्येक वेळी लिहा, बँड 5 म्हणजे 850, बँड 8 म्हणजे 900, बँड 3 म्हणजे 1800, बँड 40 म्हणजे 2300 मेगाहर्ट्झ. शील्ड लावल्यावर फोनने बँडच बदलला असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच होत नाही, ते दोन वेगळे प्रयोग झाले.

आणि हो, आपलं स्वतःचं शरीर. माणूस म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेली पिशवी आहे लहरींच्या दृष्टीने, तुम्ही फोनच्या एका बाजूला उभे राहिलात की आकडा सहज बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याच जागी उभे राहा, फोन हातात धरून मोजू नका.

पायरी 3: डब्याचा प्रयोग, हा मुलांना घेऊन करा

शील्ड म्हणजे नक्की काय हे हाताला कळावं म्हणून हे करायचं. फोन स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा, दुसऱ्या फोनवरून कॉल करा. आमच्याकडे वाजला. आई म्हणाली, अगं बाई, एवढा जाड डबा आणि तरी? जाडीचा प्रश्नच नाही इथे, झाकणाच्या कडेने जी बारीक फट राहते ती गोल फिरून चांगली लांब असते, आणि लहरी बाहेर पडायला फटीची रुंदी नाही, लांबी महत्त्वाची असते. 1800 मेगाहर्ट्झची लहर साधारण 16-17 सेंटीमीटर लांबीची, तिच्या निम्मी फट मिळाली तरी ती आरामात निघते.

मग डब्याच्या तोंडावर फॉइल घट्ट दाबून वरून झाकण लावा, फट कुठेच राहिली नाही तर पलीकडून ऐकू येतं की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. अजून वाजत असेल तर फॉइलचा दुसरा थर द्या, टॉवर अगदी समोर असेल तर लागतो. म्हणजे फोनला खरंच चारी बाजूंनी झाकलं तर तो फोनच राहत नाही, आणि ज्या शील्डमध्ये फोन नीट चालतो त्यातून लहरी बाहेर पडतच आहेत, दुसरी शक्यताच नाही. एक रुपयाची चकती असो की हजाराची, "सिग्नलवर काहीही परिणाम न होता 99 टक्के रेडिएशन कमी" हे वाक्य दिसलं की हा डबा आठवा, कारण सिग्नल आणि रेडिएशन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, ज्या लहरींवर तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो त्यालाच रेडिएशन म्हणतात.

पायरी 4: चकतीची परीक्षा, न बघता

याला मीटरची गरज नाही. चकतीच्याच आकाराचा एक पुठ्ठ्याचा तुकडा कापा. फोन स्टुलावर, त्यावर पुठ्ठ्याचा खोका पालथा, पुठ्ठा लहरींना अडवत नाही. फोनचा स्क्रीन दिसेल एवढी खिडकी खोक्याला पाडा. घरातल्या एकाने नाणं उडवायचं, छापा आला तर खरी चकती, काटा आला तर पुठ्ठा, खोक्याच्या मागच्या बाजूने लावायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं, तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही दर पाच सेकंदांनी एक असे डीबीएमचे दहा आकडे लिहायचे आणि ओळखायचं की चकती आहे का नाही. असे 20 वेळा.

नुसत्या अंदाजाने 10 च्या आसपास बरोबर येतात. 15 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता नुसत्या नशिबावर फक्त 2 टक्क्यांच्या आसपास असते, तेवढे आले तर मानूया की चकती काहीतरी करतेय (चांगलं की वाईट ते पुढे बघू). न बघता का करायचं, तर डीबीएमचा आकडा काही न करताही पाच-सात अंकांनी वरखाली होत असतो, आणि आपल्याला माहीत असेल की चकती लावलीय तर आपण नकळत हवे तेच आकडे "नीट आले" म्हणून लिहितो, मी स्वतः तसं करताना मला पकडलंय. बहिणीची चकती या परीक्षेत पुठ्ठ्यापेक्षा वेगळी ओळखता आलीच नाही.

पायरी 5: कव्हरची परीक्षा, मीटर घेऊन

इथे जरा वेळ द्या, कारण कापडाचं कव्हर हे चकतीसारखं निव्वळ हवेतलं नाही, धातूचं कापड लहरी खरंच परतवतं. प्रश्न आहे कुठे परतवतं आणि फोन त्यावर काय करतो.

स्टुलाच्या मध्यापासून सुतळी 50 सेंटीमीटरची घ्या आणि खडूने जमिनीवर वर्तुळ काढा. घड्याळासारखे 12, 3, 6, 9 असे चार ठिपके. फोन उभा ठेवा, पुस्तकाच्या आधाराने, स्क्रीन 12 कडे. मीटर प्रत्येक ठिपक्यावर फोनच्याच उंचीला येईल असं दुसऱ्या स्टुलावर. फोनला चिकटवून मोजू नका, एक तर मीटरचा आकडा टोकाला जाऊन अडकतो, आणि लहरीच्या लांबीपेक्षा जवळच्या अंतरात लहर अजून नीट तयारच झालेली नसते, तिथला आकडा दोन सेंटीमीटर सरकलात तर बदलतो.

आता फोनला सतत बोलतं ठेवायचं. नुसता कॉल लावून गप्प बसलात तर फोनही जवळजवळ गप्प बसतो, शांतता पाठवायला तो ताकद घालवत नाही. आम्ही फोनजवळ आकाशवाणीच्या बातम्या लावून ठेवल्या. किंवा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा, ते अजून चांगलं, जोर जास्त आणि सलग लागतो. कॉल लागल्यावर पहिलं अर्ध मिनिट सोडून द्या, का ते सुरुवातीला सांगितलंच.

मीटरचा आकडा उड्या मारतो, डोळ्यांनी पकडता येत नाही, म्हणून तिसऱ्या फोनने मीटरचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, तो फोन एअरप्लेन मोडवर, मग व्हिडिओ थांबवत थांबवत दर पाच सेकंदांचा आकडा वहीत घ्या. चार ठिपके कव्हरशिवाय, चार कव्हर बंद करून, चार कव्हर उघडं मागे दुमडून, मग परत चार कव्हरशिवाय. शेवटचे चार फार महत्त्वाचे, ते पहिल्या चारांशी जुळले नाहीत तर मधल्या काळात टॉवरवरच काहीतरी बदललंय, गर्दी वाढली असेल, सगळं परत करा. कंटाळा येतो, खरंय. तरी करा.

आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर फोनचा डीबीएमही लिहा.

वहीतले आकडे वाचायचे कसे

समजा कव्हर नसताना फोन उणे 90 दाखवत होता, कव्हर बंद केल्यावर उणे 96 झाला. म्हणजे 6 पडला, फोन साधारण चौपट जोर लावणार. आता मीटर बघा, 12 च्या ठिपक्यावर, म्हणजे कापडाच्या मागे, आकडा निम्मा झालाय, पण 6 च्या ठिपक्यावर तिप्पट. याचा अर्थ कापडाने समोर कमी केलं हे खरं, पण मागे वाढलं, आणि मागे तुमचा हात आहे, किंवा फोन खिशात उलटा ठेवलात तर तुमची मांडी, किंवा पोट. बहिणीच्या कव्हरचं चित्र साधारण असंच आलं, आणि तेव्हा तिने जो प्रश्न विचारला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, "मी तर बोलताना कव्हर उघडून मागे दुमडते, मग कापड कुठे गेलं?" कापड फोनच्या मागे गेलं, म्हणजे कान आणि फोन यांच्या मध्ये काहीच नाही आणि फोन आणि टॉवर यांच्या मध्ये धातू. वापरायची जी सवयीची पद्धत तीच सगळ्यात वाईट ठरली. कोणतंही कव्हर तपासताना ते तुम्ही खरोखर जसं धरता तसंच धरून तपासा.

सगळ्या ठिपक्यांवर आकडा कमी झाला आणि कॉलही चालू राहिला असं दिसलं तर खूश होण्याआधी बँड बघा, अपलोडचा वेग बघा, फोन हळू अपलोड करायला लागला की कमी बोलतो. सगळीकडे जवळजवळ शून्य आणि फोन कव्हरेजबाहेर, तर तो पाऊच आहे, पूर्ण झाकणारा, तो काम करतो पण मग फोन बंद करणं फुकटात होतं. आणि अर्धवट बंद झालेल्या पाऊचमध्ये रात्रभर ठेवलेला फोन टॉवर शोधत राहतो, सकाळी बॅटरी किती उतरली ते एक रात्र पाऊचमध्ये आणि एक रात्र बाहेर ठेवून बघा, हा प्रयोग तर झोपेत होतो.

काहीच फरक नाही, हा निकालसुद्धा निकाल आहे, तो वहीत तसाच लिहा.

प्रमाणपत्र दाखवलं तर

विक्रेते लॅबचा कागद दाखवतात आणि त्यावर खरंच 99 टक्के लिहिलेलं असतं. तो कागद खोटा असेलच असं नाही. बहुतेक वेळा तिथे कापडाचा तुकडा मध्ये ठेवून एका बाजूने लहर सोडलेली असते आणि दुसऱ्या बाजूला मोजलेली असते. कापडाची परीक्षा झाली, कापड पास झालं. फोनला लावलेल्या, कॉल चालू असलेल्या, माणसाच्या हातातल्या कव्हरची परीक्षा ती नाही. म्हणून विचारा, चाचणी कापडाची की फोनवर लावलेल्या कव्हरची.

फोनची खरी चाचणी कशी होते ते माहीत असू द्या. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा साचा, त्यात मेंदूसारखे विद्युत गुण असलेलं द्रव, साच्याला फोन लावलेला, फोनला नकली टॉवरने पूर्ण ताकदीवर बोलायला लावलेलं, आणि रोबोचा हात त्या द्रवात बारीक सळई फिरवून जागोजागी मोजतो. त्यातून एसएआर व्हॅल्यू येते, म्हणजे शरीर या लहरींची किती ऊर्जा शोषतं त्याचा आकडा. भारतात ही मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून 1.6 वॅट प्रति किलो आहे, 1 ग्रॅम पेशींच्या सरासरीवर. तुमच्या फोनची व्हॅल्यू बऱ्याच फोनवर *#07# डायल करून दिसते. हा पूर्ण ताकदीचा आकडा आहे, रोजच्या वापरात फोन बहुतेक वेळ त्याच्या खूप खाली असतो. आणि आपलं खडूचं वर्तुळ हे एसएआर मोजत नाही, ते फक्त आधी आणि नंतर यातला फरक दाखवतं, कोणालाही "माझ्या घरी एसएआर एवढा आला" असं सांगू नका.

मग घाबरायचं का

बहिणीला जे सांगितलं तेच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना "कदाचित कर्करोगकारक" गटात, 2बीमध्ये ठेवलं, म्हणजे शक्यता पूर्ण नाकारता आली नाही एवढंच, सिद्ध झालं असा त्याचा अर्थ नाही. नंतर 2024 मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. तरीही कोणाला कमी करावंसं वाटत असेल तर त्यात वेडेपणा काही नाही, पण ज्याने खरंच कमी होतं ते करा, आणि तेही याच मीटरने तपासता येतं. फोन तिथेच ठेवून मीटर 50 सेंटीमीटरवरून 1 मीटरवर न्या आणि आकडा बघा, मोकळ्या जागेत लहरींची ताकद साधारण एक चतुर्थांशावर येते, खोलीत भिंतींमुळे थोडी इकडेतिकडे. लिफ्टजवळ, तळघरात, जिथे सिग्नल उणे 110 दाखवतो तिथून अपलोड करा आणि तोच व्हिडिओ खिडकीपाशी उणे 80 ला करा, मीटर वेगळीच गोष्ट सांगतं. म्हणजे वायरचे इयरफोन, स्पीकर, कमी सिग्नलमध्ये लांबलचक कॉल टाळणं, कॉल लागेपर्यंत फोन कानाला न लावणं. यातल्या एकालाही साडेअकराशे रुपये लागत नाहीत.

चकती आणि कव्हर आम्ही फोनवरून काढलं. कव्हर काढल्यावर तिच्या खोलीत, जिथे आधी कॉल तुटायचे आणि ती बाल्कनीत जाऊन बोलायची, तिथे नीट बोलता यायला लागलं. आता ती फोन शेल्फवर ठेवते आणि वायर लावून बोलते, बाळ मांडीवर असतं. वही माझ्याकडे आहे, त्यात फोनचं मॉडेल, तारीख, बँड, अंतर, डीबीएम आणि मीटर असे सहा रकाने आखलेत. तुम्ही प्रयोग केलात तर हेच सहा रकाने ठेवा, म्हणजे ठाण्यातल्या घरचे आकडे आणि लातूरच्या घरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.